दीडशे माणसांचे गाव, तीन वाड्या आणि स्वतंत्र ग्रामपंचायतीचा प्रश्न

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात, बारमाही वस्ती जेमतेम दीडशे माणसांची असलेले एक गाव आहे. गावठाण सोडून त्याच्या तीन वाड्या आहेत आणि त्यांपैकी एक डोंगराच्या सोंडेवर, पायवाटेने अर्ध्या तासाच्या चढावर आहे. ग्रामपंचायत गटाची, म्हणजे अनेक गावांची मिळून एक, असून तिचे कार्यालय नदीपलीकडच्या मोठ्या गावात आहे. ग्रामसभा तिथेच भरते, निधी तिथेच मुरतो आणि सरपंचही तिथलाच होतो. अशा गावाला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळू शकेल काय, आणि वरच्या वाडीला महसुली गावाचा दर्जा मिळू शकेल काय?

पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी कोकणपट्टीतल्या आणि घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत झाली असल्याने हा प्रश्न मला अनोळखी नाही. आधी सरळ उत्तर देतो. स्वतंत्र ग्रामपंचायत आपल्याला मिळणार नाही आणि उद्या नियम बदलून मिळाली तरी ती परवडणार नाही. वरच्या वाडीचा महसुली दर्जा अशक्य कोटीतला नाही. मात्र त्याने आज आपली एकही अडचण सुटणार नाही. आपली खरी अडचण अशी आहे की, आपल्या तीनही वाड्या सरकारी दप्तरात स्वतःच्या नावाने जवळजवळ नाहीतच. ती दूर करायला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. बहुतेक कामे ग्रामपंचायत कार्यालयात, तहसीलमध्ये आणि पंचायत समितीत होण्यासारखी आहेत.

महाराष्ट्रात महसुली गावे ४३ हजारांहून अधिक आहेत आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. म्हणजे हजारो गावे आपल्यासारखीच दुसऱ्या गावाशी जोडलेली आहेत आणि त्या गावांच्या पोटात किती वाड्या, पाडे, टोले, तांडे, कोंड आणि मळे आहेत याची मोजदाद निराळीच. महसुली गाव, म्हणजे ज्याला सातबाऱ्यावर ‘मौजे’ म्हणतात ते, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली ठरते. त्याला नकाशा असतो, हद्द असते, जमिनीच्या तुकड्यांना गट क्रमांक असतात. गावठाण हा त्या मौज्यातला राहण्यासाठी राखलेला तुकडा, ज्याची हद्द जिल्हाधिकारी कलम १२२ खाली ठरवतात. ग्रामपंचायत त्याहून वेगळ्या कायद्याने, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने स्थापन होते आणि तिच्यात एक किंवा अनेक मौजे असू शकतात. माणसे प्रत्यक्ष जिथे राहतात ती वाडी मात्र अनुसूचित (आदिवासींसाठी घोषित) क्षेत्राबाहेर या कायद्यांपैकी कशातही स्वतंत्र घटक म्हणून उभी राहत नाही. सगळा घोळ इथे आहे.

आता ग्रामपंचायतीविषयी. विभाजनासाठी शासनाने घातलेल्या अटींत मुख्य अट लोकसंख्येची असून ती सर्वसाधारण भागात २००० आणि आदिवासी भागात १००० इतकी राहिली आहे. तांड्यांसाठी ती अलीकडे आणखी सैल केली आहे. त्याशिवाय अंतराची आणि उत्पन्नाची अट आहेच. दीडशे माणसांच्या गावाने या वाटेला जाण्यात अर्थ नाही. समजा, सवलत मिळाली, तरी पुढचा हिशोब पाहा. १५०० पर्यंत लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतीत सात सदस्य निवडावे लागतात. आपल्याकडे बारमाही राहणाऱ्यांत निम्मी माणसे साठीपुढची असतील, आणि राखीव जागांचे गणित बसवून सात सदस्य उभे करताना गाव मेटाकुटीला येते. मग जागा रिकाम्या राहतात किंवा मुंबईला असलेल्या मुलाचे नाव घालून वेळ मारून नेली जाते. निधीची बाजू त्याहून अवघड आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना मिळत आला, पण त्याची वाटणी मुख्यतः डोकी मोजून झाली आणि त्यातले ६० टक्के पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेले होते. दीडशे डोक्यांचे अनुदान घेऊन शिपायाचा पगार, पथदिव्यांचे आणि पंपाचे वीजबिल, दप्तर आणि संगणकाचा खर्च भागत नाही. ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोही आपल्याला अर्धवेळच मिळणार. त्याच्याकडे आणखी दोन-तीन ग्रामपंचायती असणारच. मोठ्या गावाशी भांडण आहे म्हणून वेगळी चूल मांडायची आणि मग लाकूडफाटा नाही म्हणून शेजाऱ्याच्या दारात जायचे, असे होते.

महसुली दर्जाचा मार्ग वेगळा आहे. वाडीचे क्षेत्र मूळ मौज्यातून तोडून, गट क्रमांकांची यादी करून, भूमी अभिलेख कार्यालयाकडून नकाशा घेऊन, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून प्रस्ताव तहसीलदारांमार्फत वर जातो. हरकतींसाठी प्रारूप अधिसूचना निघते आणि नंतर अंतिम. फायदा असा की, वाडी जनगणनेत स्वतःच्या क्रमांकाने येते आणि पोलीस पाटलासारखी पदे तिला स्वतंत्र मिळू शकतात. त्रास असा की, तोडलेल्या क्षेत्रातल्या प्रत्येक खातेदाराच्या सातबाऱ्यावर गावाचे नाव बदलते, आणि पीककर्ज, पीक पाहणी, अनुदान या प्रत्येक ठिकाणी जुने आणि नवे नाव जुळवत बसावे लागते. कोकणात तर एका माणसाची खाचरे गावठाणाखाली, वरकस डोंगरावर आणि घर तिसरीकडे, अशी विभागणी असते. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीने हे सगळे अंगावर घ्यावे, असे मला वाटत नाही. धरणग्रस्तांची पुनर्वसित गावठाणे, वनगावे, किंवा मूळ गावापासून खरोखर तुटलेली मोठी वस्ती यांची गोष्ट वेगळी; वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ज) मध्ये वनगावे आणि मोजणी न झालेल्या वस्त्यांना महसुली गाव करण्याचा हक्कच दिलेला आहे. आपली वरची वाडी खाजगी मालकीच्या गटांत आहे, वनात नाही, असे आपण लिहिले आहे. तेव्हा ते कलम आपल्याला लागू होत नाही.

मग करायचे काय? पहिले पुस्तक उघडायचे ते ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. (तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ हा खातेउतारा असून तो निराळा, अर्ज करताना या दोहोंची गल्लत हमखास होते.) गट ग्रामपंचायतींच्या तपासणीत मी हे पुस्तक कित्येकदा पाहिले आहे आणि त्याचे रूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते. घर क्रमांक एकपासून शेवटपर्यंत सलग चालतात. पहिले शे-सव्वाशे गावठाणातले, मग मध्येच वाडी सुरू होते. पण कुठे सुरू झाली हे पानावर लिहिलेले नसते. समासात कुणी ग्रामसेवकाने स्वतःच्या सोयीसाठी शिसपेन्सिलीने ‘वरची वा.’ असे लिहून ठेवले तर तेवढाच पुरावा. त्या ग्रामसेवकाची बदली झाली आणि वही नव्याने उतरवली गेली की समासातली नोंदही जाते. संगणकावर नोंदी चढवल्या तेव्हा अशा कितीतरी वाड्या मुख्य गावात विरघळून गेल्या. आकारणी यादी दर चार वर्षांनी सुधारली जाते. त्या वेळी प्रत्येक वाडीची घरे सलग क्रमांकांत घेऊन वाडीचे नाव शीर्षकात लिहून घ्यावे, यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. काम साधे आहे, खर्च काहीच नाही, आणि पुढच्या सर्व मागण्यांना आधार याच पानाचा मिळतो.

नावाच्या बाबतीत एक सूचना. वाडीचे रूढ नाव जातीवरून पडलेले असेल तर ते नोंदवण्याचा आग्रह धरू नये. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्ती-नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. त्यामुळे नाव बदलायचेच असेल तर ते आत्ताच, त्या वाडीतल्या लोकांच्या पसंतीने, ठराव करून बदलावे आणि सगळीकडे एकच नाव चालवावे. मतदार यादीत एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि नमुना ८ वर तिसरे, असे झाले की वाडी एक असून तीन भासते किंवा एकही भासत नाही.

नमुना ८ वर नाव असले म्हणजे घराची जागा आपली झाली असे मात्र नाही. ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. या कामाचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला होता. पण मोजणी गावठाणाच्या हद्दीची असते आणि आपल्या वाड्या हद्दीबाहेर, शेतीच्या गटांत आहेत. संहितेच्या कलम ४२-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला अकृषिक वापराची जी सोय आहे, तिचा लाभ गावठाणाला खेटून असलेल्या आपल्या खालच्या वाडीला कदाचित मिळेल. वरच्या वाडीला नाही. म्हणून वाड्यांभोवती विस्तारित गावठाण मिळावे, ही मागणी मला स्वतंत्र ग्रामपंचायतीच्या मागणीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातली आहे.

त्याआधी वाडीतल्या प्रत्येक घराखालच्या गटाचा सातबारा काढून पाहावा. कोकणात खोती गेली तरी तिचे अवशेष दप्तरात राहिले आहेत : घर चार पिढ्यांचे, झाडे लावलेली, पण जमिनीवर नाव तिसऱ्याचेच. घरातले कुणी त्या मालकाचे कूळ असेल, तर कूळकायदा, १९४८ मध्ये कुळाच्या घराखालच्या जागेसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कलम १६ ते १८ आणि विशेषतः १७-ब वकिलाकडून वाचून घ्यावे. घरकुलाचा लाभ मंजूर होऊनही जागेच्या कागदाअभावी अडकून पडलेली माणसे मी प्रत्येक तालुक्यात पाहिली आहेत, आणि त्यांत गावठाणातली थोडी, वाड्यांतली फार.

रस्त्याकडे येऊ. वरच्या वाडीची पायवाट गावनकाशावर आहे की नाही, हे सगळ्यात आधी पाहावे. तुटक रेषेने दाखवलेली वाट असेल तर आपली बाजू भक्कम. नसेल तर ती कोणाच्या तरी गटातून सवयीने चाललेली वाट आहे. सवयीची वाट मालकाने बांध घालून अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावातले लोक समजुतीने मिटेल म्हणून शिमगा ते दिवाळी वाट पाहतात आणि मुदत घालवून बसतात. शेतीला वाटच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, परंतु ती शेतात जाण्यासाठीची असते. तिच्यावर वाडीचा रस्ता उभा राहत नाही. वाडीच्या रस्त्यासाठी ज्यांच्या गटांतून तो जातो त्यांची संमतिपत्रे आधी गोळा करावीत, मग ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ मध्ये, लांबीसह नोंद करून घ्यावी. या नोंदीशिवाय पंचवीस-पंधरा (ग्रामविकासाच्या कामांचे २५१५ हे निधीचे शीर्ष) असो की डोंगरी विकास, कोणत्याच लेखाशीर्षातून अंदाजपत्रक होत नाही.

इथेच शेजारच्या वस्त्यांचा उपयोग लक्षात घ्यावा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा घटक महसुली गाव नसून वस्ती आहे. सपाटीवर ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट होती, आणि पाचशे मीटरच्या परिघातल्या, डोंगरात दीड किलोमीटर चालीच्या अंतरातल्या, वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा होती. ही रीत मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यातून मागणी कशी बांधावी हे कळते. आपली वरची वाडी एकटी कधीच २५० भरणार नाही. पण तिच्या पलीकडच्या उतारावर शेजारच्या मौज्याची एक वाडी आहे, असे आपणच लिहिले आहे. त्या दोन वाड्यांचा मौजा वेगळा, कदाचित ग्रामपंचायतही वेगळी, पण झरा एक, शाळेची वाट एक आणि मयत झाली तर खांदेकरीही तेच. अशा ठिकाणी दोन ग्रामपंचायतींचे एकसारखे ठराव जोडून एकच रस्ता मागितला तर तांत्रिक अधिकाऱ्यालाही तो नकाशावर सार्थ वाटतो. मोठ्या गावाशी फारकत घेण्यात जी शक्ती जाते ती या शेजारावर लावावी.

रस्त्याचा आग्रह मी सोयीपुरता धरत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौक ग्रामपंचायतीच्या हद्दीतली, इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकर वस्ती. तिथे जायला पायवाटच होती, त्यामुळे मदतीला आलेली माणसे चढून गेली, यंत्रे खालीच राहिली. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे त्यानंतर शासनानेच सांगितले. त्याआधी दोन वर्षे, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीत ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्याच दिवसांत आपल्या पोलादपुरात साखरची सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी आल्या. ही नावे पाहिली तर लक्षात येते की, यांतल्या बहुतेक ठिकाणी माती मौज्यावर नव्हे, त्यातल्या एका वाडीवर आली. यादी मौजेवार असेल आणि धोका वाडीवर असेल तर तपासणीला आलेला माणूस गावठाणात चहा पिऊन परत जातो. माळीण मात्र याच्या उलट : आंबेगाव तालुक्यातल्या त्या गावात ३० जुलै २०१४ रोजी मुख्य वस्ती गाडली गेली, आजूबाजूच्या वाड्या वाचल्या, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते एस.टी.च्या चालकामुळे. तेव्हा पावसाळ्यापूर्वी वरच्या वाडीची भूवैज्ञानिक पाहणी व्हावी, असा अर्ज तहसीलदारांकडे वाडीच्या नावाने द्यावा, त्यात घरांची संख्या, माणसे, उताराला पडलेल्या भेगा, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले असल्यास त्याची तारीख, हे सारे लिहावे. या एका अर्जासाठी कुठल्याही दर्जाची वाट पाहू नये.

पाण्याविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे, ‘नळ आहे, पाणी नाही.’ याचे कारण बहुधा उंची असावे. योजनेची टाकी गावठाणाच्या वरच्या अंगाला बांधतात, आणि सोंडेवरची वाडी त्या टाकीच्याही वर असते. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर हे माप आहे, पण माप कागदावर. पाणी चढ चढत नाही. अशा वाडीला टाकीपासून दुसरा पंप लावणे हा एक उपाय, पण त्याचे वीजबिल ग्रामपंचायत सहा महिन्यांत थकवते. दुसरा उपाय, मला अधिक पटणारा, म्हणजे वाडीच्या वर जिवंत झरा असल्यास तो बांधून घेऊन उताराने पाणी आणणे. आपल्याकडे झरा आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्याची धार किती वेळात हंडा भरते, हे तीन-चार वेळा मोजून तारखांसह लिहून ठेवावे. पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याकडे जाताना हा कागद सोबत असला की बोलणे पुढे सरकते.

ग्रामसभेचा मुद्दा उरला. गट ग्रामपंचायतीतली ग्रामसभा दर वेळी कार्यालयाच्याच गावात घ्यावी असा नियम नाही. एकाहून अधिक गावे किंवा वाड्या असल्यास ती आळीपाळीने घेण्याची सोय नियमांतच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांपैकी एक तारीख आपल्या गावासाठी मागून घ्यावी. मी १ मे सुचवीन, कारण तेव्हा चाकरमानी सुट्टीवर आलेले असतात आणि नदी कोरडी असते. गणसंख्येसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेला आकडा पुरतो. त्या दिवशी वाडीचा ठराव मांडावा. ठरावाची भाषा भावनिक नको. ‘मौजे अमुक येथील अमुकवाडी (कुटुंबे इतकी, लोकसंख्या इतकी, गावठाणापासून अंतर इतके, उंची गावठाणाहून इतकी जास्त) ही स्वतंत्र वस्ती असून ग्रामपंचायत विकास आराखडा, नमुना ८, रस्ते नोंदवही व पाणीपुरवठा आराखडा यांत तिची नोंद तिच्या नावाने घेण्यात यावी’, एवढे वाक्य पुरेसे आहे. सूचक-अनुमोदकांची नावे लिहून, इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी. पुढच्या निवडणुकीआधी प्रभागरचनेचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हाही जागे राहावे. वाडी दोन प्रभागांत चिरली जात असेल किंवा नदीपलीकडच्या प्रभागाला जोडली जात असेल तर हरकत तेव्हाच घ्यावी लागते, निकालानंतर नव्हे.

मुंबई मंडळाबद्दल, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाबद्दल, थोडे स्पष्ट बोलतो, कारण आपल्या पत्रात तेच मंडळ स्वतंत्र ग्रामपंचायतीसाठी आग्रही असल्याचे दिसते. मंडळाने देऊळ बांधले, शाळेला पत्रे दिले, पालखीचा खर्च उचलला, हे मोठेच आहे. पण ग्रामपंचायत ही बारा महिने तिथे राहणाऱ्यांची गरज आहे, आणि तिची मागणी परळच्या किंवा विरारच्या सभेत ठरली की ती मानापमानाची होऊन बसते. गावकीत आधी बसावे. शिमग्यात पालखी प्रत्येक वाडीत, प्रत्येक दारी जाते. तिला कोणी मौजा विचारत नाही. त्याच गावकीत वाड्यांचा प्राधान्यक्रम ठरवावा : यंदा वरची वाट, पुढच्या साली स्मशानशेड, मग खालची मोरी. क्रम ठरलेला असला तर नदीपलीकडचे सरपंचही निधी देताना अडत नाहीत. उलट तीन वाड्यांची तीन पत्रे आली की त्यांना तिघांनाही नाही म्हणणे सोपे जाते.

कुणी आपल्याला पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या कायद्याचा, दाखला दिला असेल तर तो इथे लागू नाही. अनुसूचित क्षेत्र राज्याच्या तेरा जिल्ह्यांत आहे आणि रायगड त्यांत नाही; म्हणूनच पालघरमधल्या पाड्याला २०१४ च्या नियमांखाली ठराव करून स्वतःची ग्रामसभा मागता येते आणि रायगडमधल्या ठाकर-कातकरी वाडीला येत नाही. मला हे अन्यायाचे वाटते, पण आज कायदा तसा आहे. कातकरी वस्तीसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम-जनमन योजना मात्र जिल्हा न पाहता वस्ती पाहते. आपल्या खालच्या वाडीला लागून असलेली कातकऱ्यांची घरे त्या यादीत आहेत की नाहीत, हे पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारावे. ती घरे आपल्या गावाच्या गणतीत बऱ्याचदा धरलीच जात नाहीत आणि आपल्या पत्रातही त्यांचा उल्लेख ओझरता आला आहे. दर्जा नसताना वस्तीने आपला कारभार कसा उभा करावा याचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा पाहावे. लेखा या गट ग्रामपंचायतीत असतानाच त्या गावाने स्वतःची ग्रामसभा सर्वसहमतीने चालवली, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला. तिथला कायदा वेगळा, जंगल वेगळे. पण आधी बैठक आणि मग कागद हा क्रम आपल्यालाही घेता येईल.

शेवटचा मुद्दा वेळेचा. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून गोठवल्या आहेत; त्यामुळे मौजा तोडण्याचा किंवा ग्रामपंचायत विभाजनाचा कोणताही प्रस्ताव गणना संपेपर्यंत हलणार नाही, मग कोणी कितीही आश्वासन देवो. याच काळात गणनेकडे लक्ष द्यावे. घरयादीच्या वेळी प्रगणक नजरी नकाशा काढतो. त्याच्यासोबत वाडीतला एक जाणता माणूस फिरवावा, म्हणजे सोंडेवरची घरे, बंद घरे आणि कातकऱ्यांची घरे सुटणार नाहीत. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल. तेव्हा होळी महिनाभर पुढे असेल, चाकरमानी मुंबईत असतील आणि गाव वर्षातले सर्वात रिकामे असेल. मुंबईकरांना मोजायला गावी बोलावण्याचा मोह टाळावा, त्यांची गणना ते राहतात तिथेच होणार. पण ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा कोळसाभट्टीवर हंगामापुरते गेलेले लोक दोन्हीकडून सुटतात, आणि पुढची दहा वर्षे त्यांच्या नावाचा रुपया कुठेच येत नाही. त्यांची यादी गावकीने जानेवारीतच करून प्रगणकाच्या हाती द्यावी.